तानूबाईचा खांदा आणि मी

मी एक जुने लाकडी चाक आहे. पण मित्रांनो, मी कधी रस्त्यावर धावले नाही. बेंगळुरूला चामराजपेटेत, अनुसूयाबाईंच्या खोलीत मी भिंतीवर बसवलेले होते. आखडलेला खांदा मोकळा व्हावा म्हणून माणसे माझी मूठ धरून मला फिरवत. एका सुताराने मला अस्सल सागवानातून घडवले. अनुसूयाबाई हे उपचार मुंबईला शिकून आल्या होत्या. १९६० साली गावात असे काम करणारे फार थोडे होते.

एके सकाळी गिरणीकामगार तानूबाई आपल्या भावाबरोबर, खंडोजीबरोबर आली. जिन्यावरून पडल्यापासून तिचा उजवा हात वर जात नव्हता. हात वर गेल्याशिवाय मागावर उभे राहता येणार नव्हते, आणि घर तिच्याच कमाईवर चाले.

दारातूनच तिने विचारले, "अक्का, इथं कामगार विमा चालतो काय? बाकी सगळे नाही म्हणाले."

"माझ्याकडे अजून कुणी विम्यावर आलेलं नाही," अनुसूयाबाई म्हणाल्या. "चला, विचारूनच येऊ."

"आत्ता?"

"आत्ताच. खांदा आणखी आखडायच्या आत."

दुपारी सगळे विम्याच्या दवाखान्यातून परतले. विम्याच्या डॉक्टरांकडे हे उपचार नव्हते. ते बाहेरच्या उपचारांची मंजुरी मागणार होते; पण ती मिळेलच, असे त्यांनी सांगितले नव्हते.

"सरी, ठीक आहे, मंजुरी आली की येते," तानूबाई पडल्या आवाजात म्हणाली.

"ती येईल तेव्हा येईल. तुम्ही हात इकडे आणा."

पहिल्या दिवशी मी जेमतेम हलले. तिच्या डोळ्यांत पाणी आले. "स्वल्प आणखी," अनुसूयाबाई म्हणत, आणि ती दात आवळून मला ढकले. काही आठवड्यांनी मंजुरी आली. त्यानंतर एका सकाळी मी पुरता एक फेरा फिरले!

"अण्णा, बघ!" ती ओरडली. मग दोन्ही हात मागे नेऊन तिने स्वतःचा अंबाडा बांधला. खंडोजीने तोंड फिरवून डोळे पुसले.

तानूबाई मागावर परतली. तिच्यामागून कितीतरी कामगार विम्यावर येऊ लागले. माझे फार कौतुक झाले. पुढे विजेची यंत्रे आली आणि माझ्यावर छत्र्या लटकू लागल्या. तरी माझा आस अजून मजबूत आहे. तेलाचे दोन थेंब द्या, मी फिरेन.

मित्रांनो, दुखणे अंगावर काढू नका. उपचार कुठे मिळतात, विमा चालतो का, हे बेधडक विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आणि कुणी विचारायला आले, तर नुसते 'नाही' म्हणू नका. त्याच्याबरोबर चार पावले चाला.