भाताखालचं तूप

तूप मीच घातलं. आधीच कबूल करते, म्हणजे मग मला कुणी पकडलं असं नको व्हायला.

मी हौसा. रोह्याजवळच्या गावात राहते. सरू माझी सून, आणि जनू तिची पोर. जनू दोन महिन्यांची झाली आणि गालांवर लाल चट्टे उठले. शीमधून रक्ताचे धागे पडायला लागले. माझा मुलगा मोरू कंपनीची शिफ्ट टाकून दोघींना पेणला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरीला दुधाचं सोसत नाय. आई जे खाते ते अंगावरच्या दुधातून हिच्या पोटात जातं. तेव्हा आईनंच सगळं बंद करायचं. दूध, दही, ताक, लोणी, तूप, सगळं.

आमचं घर माळकरी. मासळी नाय, अंडं नाय. त्यात आता दूधही गेलं. मोरूनं मोबाईलवर बघून सांगितलं, "आई, ह्याला व्हीगन म्हणतात."

मी म्हटलं, "म्हणू देत. आमच्यात ह्याला उपाशी मारणं म्हणतात."

राग का येणार नाय? माझ्या दारात दोन म्हशी. गावातल्या अर्ध्या बाळंतिणी माझ्या तुपावर उठल्यात. आणि माझीच सून कोरा चहा पिऊन तांदळाची कोरडी भाकरी चावत बसायची. पोर तासातासाला अंगावर. सरूचा चेहरा एवढासा झाला होता. मला बघवेना, खरंच सांगते.

दूध मी देत नव्हते. पण तूप? तूप कढवलं की त्यात दूध राहतंच कुठं, असं माझं मीच ठरवलं. सरूला वाढताना ताटात आधी चमचाभर तूप, त्यावर मऊभात, त्यावर वालाचं बिरडं. वरून हिंगाची सणसणीत फोडणी, तुपाचा वास लागू नये म्हणून. म्हणजे बघा, मला माहीत होतं. माहीत नसतं तर लपवलं कशाला असतं?

तीन आठवडे सरूनं पथ्य पाळलं. शेजारी बारशाला गेली तर हातातला पेढा तसाच मोरूच्या खिशात सरकवला. आणि रोज लंगोट उजेडात धरून बघायची. रक्त काय थांबेना.

परत पेणला जायची वेळ आली तेव्हा मोरूला सुट्टी नव्हती, सोबत मी गेले. पेणच्या रामवाडी स्टँडला एसटीतून उतरलो तशी सरू म्हणाली, "आई, माझं काय चुकत असेल हो?"

मी म्हटलं, "चल, पोरीला ऊन लागतंय."

डॉक्टरीणबाईंनी जनूचं वजन केलं. छटाकभरही वाढलेलं नव्हतं. "सगळं बंद केलंत ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय. चहासुद्धा कोरा," सरू म्हणाली.

"मग आता अंगावर पाजणं थांबवावं लागेल. डब्याचं खास दूध मिळतं, ते सुरू करू."

जनू तेव्हा ओढणीखाली पीतच होती. सरूनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी पडायला लागलं. "मी सगळं सोडलं डॉक्टर," एवढंच म्हणाली. "सगळं सोडलं."

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण पोरगी पीत होती. गुटूगुटू आवाज येत होता तिच्या घशाचा, आणि तो माझ्यामुळं बंद होणार होता.

"तूप मी घालते," मी म्हटलं. "रोज. भाताखाली. हिला माहीत नाय."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला चांगलीच झापली. कढवलं तरी तुपात दुधाचा अंश राहतोच, घरच्या तुपात तर जास्तच. मग जरा शांत होऊन म्हणाल्या, "बोललात ते बरं झालं. अजून एक महिना बघू, पण खरोखरचं पथ्य. तोवर पाजणं चालू ठेवा."

येताना सरू खिडकीशी बसली. नागोठणं आलं, गेलं. मी पाण्याची बाटली पुढं केली, तिनं घेतली नाय. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून सरू आपलं आपण रांधायला लागली. पोर कडेवर, एका हातानं नारळ खवायला बघायची, खवणी सरकायची. मी धरायला गेले की म्हणायची, "असू दे." मी काही वाढलंच तर विचारायची, "ह्यात काय घातलंत?" हळूच विचारायची, पण विचारायची. मोरूसमोर, पाहुण्यांसमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण करणी माझी, बोलते कुणाला?

शेवटी तुपाची बरणी उचलली आणि एस्थरकडं गेले. गावात ज्यूंचं आता तिचं एकच घर उरलंय, बाकीचे कधीच इस्रायलला गेले. चाळीस वर्षांची आमची मैत्री. आणि चाळीस वर्षं मी तिला चिडवत आले, की तुमच्यात मटणाच्या जेवणावर बासुंदीसुद्धा चालत नाय, कसली गो तुमची मेजवानी!

"ही बरणी ठेव तुझ्याकडं," मी म्हटलं. "माझ्या घरात नको." आणि सगळं सांगून टाकलं.

ती हसली नाय, माझं नशीब. म्हणाली, "मटणावर दूध नाय म्हणून आम्ही गोड खात नाय वाटतं? जा, नारळ फोड. मी येते."

तिच्या मटणाच्या भांड्यांना माझी माळ आडवी, म्हणून शिकवणी माझ्याच ओट्यापाशी झाली. नारळाचा पहिला दाट रस बाजूला ठेवायचा. दुसऱ्या, पातळ रसात अळीव नायतर नाचणी शिजवायची. गूळ घालायचा. दाट रस अगदी शेवटी, गॅस बंद करून. उकळला की फुटतो. मी चार वेळा फोडला. "तुला कसली गो एवढी घाई!" एस्थर म्हणायची. बिरड्याला तिनं तीळ वाटून लावायला शिकवलं, तेलावर परतून. तिचे आजे-पणजे तेलाचा घाणा चालवायचे. तेलाचं तिला मी काय सांगणार?

मी रांधायचे, पण सरूला वाढायचे नाय. ओट्यावर झाकून ठेवायचे. शेजारी करवंट्या, गुळाचा कागद, सगळं तसंच पसरलेलं, तिच्या नजरेला पडावं म्हणून. आठ दिवस तिनं झाकण उघडलं नाय. नवव्या दिवशी पातेलं रिकामं. मी मोरूला विचारलं, "तू खाल्लंस?" तो नाय म्हणाला. मग मी ते पातेलं स्वतः घासलं, अगदी लखलखीत.

महिन्याभरात जनूचे गाल साफ झाले, लंगोट साफ झाले. डबा आणावाच लागला नाय. सरू माझ्याशी बोलायला लागली, पोर माझ्याकडं देऊन आंघोळीला जायला लागली. पण घास घेण्याआधी ते विचारणं काय सुटेना.

सातव्या महिन्यात उष्टावण ठरलं. पहिला घास मामानं भरवायचा, म्हणून सरूचा भाऊ दिनानाथ हमरापूरहून आला. गणपती रंगवतो तो, नखांत गुलाबी रंग. मी त्याला आधी हात घासायला मोरीवर पाठवला. तांदळाची खीर मी केली होती, नारळाच्या रसातली. घर माणसांनी भरलेलं, एस्थर दाराशी खुर्ची टाकून बसलेली.

दिनानाथनं जनूला मांडीवर घेतलं, सोन्याची अंगठी खिरीत बुडवली, आणि मधेच थांबला. "अगं ताई, हिला दूध चालत नाय ना? आणि ही तर खीर हाय. काय घातलंय ह्यात?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तांदूळ, नारळ, गूळ, एवढंच सांगायचं होतं, पण मी करवंट्या दाखवायला उठले.

सरू जनूच्या गळ्यात लाळेरं बांधत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाय.

"आईंनी केलीय," ती म्हणाली. "भरव तू."

जनूनं अंगठी चोखली, तोंड वाकडं केलं आणि अजून पाहिजे म्हणून हात आपटले. सगळे हसले. मी पदर तोंडाला लावून आत पळाले.

एस्थर मागून आली. "रडतेस कशाला गो?"

"हिंग लागला डोळ्याला."

"खिरीत?" ती म्हणाली, आणि पातेल्यातली उरलेली खीर वाट्यांमध्ये वाढायला लागली.