बरोबर उत्तराला नुसता तारा

मोठ्या बाईंच्या खोलीत आम्ही पाच जणं जमलो होतो. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या शेजारी टॅबवाल्या कंपनीचा माणूस. त्याला काहीही विचारा, ‘पुढच्या अपडेटमध्ये येईल’ म्हणतो, म्हणून आम्ही शिक्षकांनी त्याचं नावच अपडेट ठेवलंय. भिंतीला टेकून मुलीची आई, बसची कंडक्टर, ड्यूटी अर्धी टाकून गणवेशातच आलेली. मी, पाचवी-सहावीची गणिताची बाई. आणि मधल्या टेबलापाशी, पाय जमिनीला टेकत नाहीत अशा खुर्चीत, माझं शेपूट.

शेपूट हे नाव माझ्या सहकारी बाईंनी पाडलं. तास संपला की ही पोर माझ्या मागेमागे व्हरांड्यातून शिक्षकांच्या खोलीपर्यंत यायची. तोंड सारखं चालू. हे असंच का, ते तसं केलं तर काय होईल. मी दाराशी पोचेपर्यंत उत्तर देत राहायचे आणि मग दार लावून घ्यायचे. आतून कोणीतरी म्हणायचंच, “सुटलं का शेपूट?”

आज तिचा फैसला होता. वर्षाच्या सुरुवातीला शाळेत टॅब आले. प्रत्येक मुलाला त्याच्या कुवतीप्रमाणे गणितं, प्रत्येकाची पायरी वेगळी, पुढे पळणाऱ्याला कोणी अडवायचं नाही आणि मागच्याला कोणी ओढायचं नाही. कल्पना चांगली होती, मी उगाच नावं ठेवणार नाही. माझ्या हातातल्या पडद्यावर सगळा वर्ग ठिपक्यांत दिसायचा. हिरवा म्हणजे छान, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे मूल मागे पडतंय. लाल ठिपका महिनाभर हलला नाही की मुलाला पटांगणापलीकडच्या तयारी वर्गात पाठवायचं, असा नियम झाला. तयारी कसली करतात तिथं देव जाणे. तिकडे गेलेलं एकही मूल परत आलेलं मी पाहिलं नव्हतं.

आणि माझं शेपूट महिनाभर लाल होतं.

मी मोठ्या बाईंशी भांडले. म्हटलं, यंत्राचं डोकं फिरलंय, ही मुलगी वर्गातल्या निम्म्या हिरव्यांना विकून खाईल. तावातावानं मी असंही म्हणाले, की तुमच्यासमोर बसवा तिला, दहा प्रश्न द्या, सात बरोबर आले नाहीत तर मी स्वतः तिचं दप्तर उचलून पटांगणापलीकडे नेऊन ठेवीन. आता शब्द तोंडातून गेला होता.

“परीक्षा चालू असताना कोणी बोलायचं नाही,” अपडेट म्हणाला. त्यानं शेपटीचा टॅब भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला. ती जे दाबणार ते आम्हा सगळ्यांना दिसणार होतं.

पहिला प्रश्न शेकडेवारीचा. तिनं वाचला न वाचला तोच दाबला. बरोबर. पडद्यावर एक तारा उगवला आणि पुढचा प्रश्न आला. मी आईकडे पाहून मान हलवली. बघा, काळजीचं कारण नाही.

दुसरा त्रिकोणाचा. दोन कोन दिलेले, तिसरा काढा. हे तर ती झोपेतही सांगेल. तिनं थोडा वेळ लावला आणि चुकीचं दाबलं.

चुकलं की त्या टॅबमध्ये चित्रातला एक हात येतो आणि गणित पायरीपायरीनं उलगडून दाखवतो. हातानं कागदी त्रिकोणाचे तिन्ही कोपरे फाडले आणि एकमेकांना लावून ठेवले. तिघांची मिळून एक सरळ रेघ झाली. शेपूट टेबलावर पुढे वाकून बघत होतं.

तिसरा, उणे तीन गुणिले उणे चार. चूक. पुन्हा तो हात, पुन्हा ती पुढे वाकलेली. चौथा सरासरीचा, बरोबर. मला जरा हायसं वाटलं. पाचव्यात एका संख्येचा शेवटचा अंक गाळला होता आणि नऊनं पूर्ण भाग जाईल असा अंक निवडायचा होता. हा प्रकार मी स्वतः घोटून घेतला होता. चूक.

तीन गेले. आणखी एक गेला की संपलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अपडेट खाली मान घालून मोबाईल बघत होता, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, खरं सांगते. आईनं तिकिटांच्या पिशवीचा पट्टा मुठीत आवळला होता.

आणि पोरगी हसत होती. उणे-उणेच्या वेळी मला वाटलं भास झाला, पण पाचव्याला मी नीट पाहिलं. उत्तर चुकल्यावर, तो हात आल्यावर, तिचा चेहरा खुलत होता. माझं डोकंच फिरलं. मी हिच्यासाठी सगळ्यांशी वैर घेतलंय आणि हिला गंमत वाटतेय?

सहावा प्रश्न आला. तीन चतुर्थांश भागिले एक द्वितीयांश. आता मी पडद्याकडे बघितलंच नाही, तिच्याकडे बघत राहिले. तिचे ओठ हलले. उजव्या हाताचं बोट मांडीवर, फ्रॉकवर फिरलं. एक, आणि त्याला लागून अर्धा. दीड. उत्तर तिला आलं होतं, अगदी बरोबर आलं होतं. मग तेच बोट वर उचललं आणि दीड सोडून खालच्या पर्यायाकडे गेलं.

“थांब,” मी म्हणाले.

बोट तिथंच थांबलं. अपडेटनं मान वर केली. “बाई, बोललं की चाचणी बाद होते.”

“होऊ दे बाद. तुला उत्तर आलंय. आत्ता फ्रॉकवर लिहिलंस. मग चुकीचं का दाबतेस?”

आई भिंतीपासून पुढे आली. “सांग ना गं बाईंना. माझा जीव टांगणीला लागलाय इथं.”

शेपटीनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बरोबर दाबलं की नुसता तारा येतो,” ती म्हणाली. “चूक दाबलं की सांगतं.”

“काय सांगतं?”

“का ते. भागताना खालचा अपूर्णांक उलटा का करायचा ते मला माहीत नाही. उलटा करता येतो मला. पण का करायचा?”

मोठ्या बाई अपडेटकडे वळल्या. “बरोबर उत्तर आल्यावर पण ते बघता येत नाही?”

“नाही. हुशार मुलांचा वेळ जाऊ नये म्हणून तसं ठेवलंय. पुढच्या अप—”

“अगं पण मला विचारायचंस की,” मी म्हणाले. आवाज चढला होता माझा. “पाचवीपासून माझं डोकं खातेस आणि हे विचारायला काय झालं?”

“तुम्ही आता सांगत नाही ना बाई,” ती म्हणाली. तक्रार नव्हती. बाहेर ऊन आहे म्हणावं तशी म्हणाली. “मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात टॅबमध्ये बघ.”

म्हणाले होते मी तसं. टॅबच्या तासाला बाईंनी मध्ये पडायचं नाही, मुलांना आपापल्या पायरीवर चालू द्यायचं, असं आम्हाला शिकवलं होतं, आणि मला ते आवडलं होतं. घसा दुखायचा थांबला होता. व्हरांड्यातून मी एकटी, शांतपणे चालत यायचे. शेपूट मागे येत नाही हे इतक्या दिवसांत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

“परीक्षा पुढे चालू ठेवा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “उत्तर काही तिला कोणी सांगितलेलं नाही. पण सात म्हणजे सात. आता एकही चुकून चालणार नाही.”

मी तिच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसले. “बरोबर तेच दाब. का ते मी सांगेन.”

“सगळ्याचं?”

“सगळ्याचं.”

“तुम्हाला माहीत नसलं तर?”

“मग दोघी मिळून शोधू.”

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. भरवसा ठेवावा की नाही याचा ती विचार करत होती, आणि मी तिला दोष देऊ शकत नव्हते. मग तिनं दीड दाबला. तारा आला. तिनं ताऱ्याकडे बघितलंही नाही, डाव्या हाताचं एक बोट मुडपलं.

सातवा बरोबर. आठवा बरोबर, आणखी एक बोट मुडपलं. नवव्याला ती अडली. खरोखरच अडली, मुद्दाम नव्हे. मांडीवर लिहिलं, पुसल्यासारखं केलं, पुन्हा लिहिलं. आईचा श्वास मला मागून ऐकू येत होता. मला उत्तर माहीत होतं आणि मी जीभ दातांखाली धरून बसले होते. तिनं डोळे मिटून घेतले, उघडले आणि दाबलं. तारा. दहाव्याला तिसरं बोट मुडपलं आणि पडदा रिकामा झाला.

सात. आई मटकन खुर्चीत बसली. मोठ्या बाईंनी चष्मा लावला आणि एवढंच म्हणाल्या, “ती वर्गातच राहील.”

शेपूट मात्र उठलं नाही. तीन मुडपलेली बोटं तिनं माझ्यासमोर धरली.

मी मोठ्या बाईंच्या टेबलावरचा एक कोरा कागद घेतला, घड्या घालून चार भाग पाडले आणि एक चतुर्थांश फाडून टाकला. “हा पाऊण कागद. यात अर्धे किती मावतात?”

तिनं हातात घेऊन दुमडून बघितला. “एक. आणि वर हा उरला तो... अर्ध्याचा अर्धा. दीड!”

“अख्ख्या कागदात अर्धे किती?”

“दोन.” ती थांबली. “म्हणजे कितीही कागद असला तरी त्याच्या दुप्पट अर्धे. म्हणून दोननं गुणायचं. म्हणून उलटं!” आणि तिनं एक बोट सरळ केलं.

तिला घेऊन मी वर्गात गेले. सगळी डोकी टॅबवर वाकलेली, चिडीचूप. या शांततेला मी इतके दिवस शिस्त म्हणत होते.

“टॅब पालथे ठेवा,” मी म्हणाले. “हिला माझ्या दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात. आणखी कोणाचं काही राहिलंय का?”

मग पहिल्या बाकावरच्या मुलानं हात वर केला. ज्याचा ठिपका पहिल्या दिवसापासून हिरव्याचा कधी पिवळाही झाला नव्हता, तो.

“चूक दाबलं की सांगतं ते सगळ्यांना माहीत आहे, बाई,” तो म्हणाला. “पण मला चूक दाबायची भीती वाटते.”

मी खडू शोधायला लागले. फळ्याच्या कडेला एकही नव्हता.