पाय टेकला की बाद

दसरा झाला आणि आमच्या कंपनीच्या नोटीस बोर्डावर जानेवारीतल्या क्रीडा महोत्सवाचा कागद लागला. पुरुषांसाठी सागरी पोहणे. महिलांसाठी संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा. मी छत्तीस वर्षांची बाई, तारापूरच्या कारखान्यात दहा वर्षं गोळ्यांची पाकिटं भरून पॅकिंगची सुपरवायझर झालेली. दातात चमचा धरून लोकांना हसवायची मला मुळीच हौस नव्हती.

कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. आमच्या शेजारचं माहीम ते केळवे हे अंतर जे दोन तासांत पोहतील, त्यांच्यातून सहा जणांचा संघ निवडला जाईल. तो संघ त्याच्या पुढच्या महिन्यात मुंबईला तिहेरी शर्यतीला जाईल: आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, मध्ये विश्रांती नाही. सायकल मी केळव्याहून कारखान्यापर्यंत रोजच मारत होते. धावणं काय, कुत्रं मागं लागलं की येतं. पोहणं तर मला सातव्या वर्षापासून येत होतं. मला त्या सहा जणांत जायचं होतं. कशाला, असं मला पुष्कळांनी विचारलं. पुरुषांना ते कुणी विचारत नव्हतं, म्हणून मीही उत्तर दिलं नाही.

नाव द्यायला पर्सोनेलच्या देवस्थळी साहेबांकडे गेले. महोत्सवाचे सेक्रेटरी तेच.

"बाई, ही विहीर नाही, समुद्र आहे," ते म्हणाले.

"साहेब, मी केळव्याची. समुद्र कुठं आहे ते मला दाखवायला लागत नाही."

"उद्या काही बरंवाईट झालं तर?"

"बायकांना मनाई आहे असं नियमात लिहिलंय का?"

त्यांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. लिहिलेलं नव्हतं, कारण बाई येईल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मग त्यांनी एक नियम मला तीनदा वाचून दाखवला. पोहायला लागल्यापासून झेंड्याला हात लागेपर्यंत तळाला पाय टेकला की बाद. पुरुषांनाही तोच नियम होता, पण त्यांना कुणी तो वाचून दाखवल्याचं मी ऐकलं नाही. मी सही केली आणि लाइनवर परत गेले.

आता खरं सांगते. समुद्रात मी तोवर गुडघ्याच्या वर कधी गेले नव्हते. आम्ही वाडीवाले. नारळ, पोफळी, पानवेली यांत आमच्या सात पिढ्या गेल्या. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, पण तो मासे मारणाऱ्या मांगेल्यांचा, आमचा नव्हे, असंच आम्ही धरून चालतो. आम्ही पोहतो ते विहिरीत. माझा मोठा भाऊ तात्या, त्यानंच माझ्या पाठीला पांगाऱ्याचं लाकूड बांधून मला विहिरीत ढकललं होतं. मी बारा वर्षांची झाले तेव्हा त्यानंच बंद केलं. आता चोवीस वर्षांनी मी पुन्हा त्याच विहिरीत उतरले. पहिली पाळी संपली की सायकलनं थेट वाडीत. यजमान म्हणाले, "झेपतंय ना, मग जा." विश्रामरावांच्या तोंडून एका वेळी याहून जास्त शब्द निघत नाहीत.

विहीर तात्याच्या पानमळ्यात. पानमळा म्हणजे सोवळ्याची जागा. आत चपला चालत नाहीत, शिंकलं तरी तात्या डोळे वटारतो. बायकांनी महिन्याचे चार दिवस तिकडं फिरकायचंसुद्धा नाही, नाहीतर वेल जळते म्हणतात. नोव्हेंबरात एका ओळीतल्या पानांवर काळे ठिपके आले. तात्या कठड्याशी येऊन उभा राहिला. मी पाण्यात.

"शाले, खरं सांग. चार दिस पाळलेस का?"

खोटं बोलता आलं असतं. पण पाण्यात असले की मला भलताच जोर चढतो. "नाय पाळले. शर्यतीला दोन महिने उरलेत, त्यातले आठ दिवस कशाला फुकट घालवू?"

"मग उद्यापासून मळ्यात पाय ठेवायचा नाय. दर्या हाय ना येवढा मोठा, जा तिकडं!"

दुसऱ्या दिवशी फाटकाला साखळी होती. मला रडू आलं, अगदी खरं रडू. माझ्या बापाची विहीर ती. पण तात्यानं रागात का होईना, पत्ता बरोबर दिला होता. मी दर्यावर गेले.

माझ्या पॅकिंगच्या लाइनीवर जमना म्हणून मांगेलीण आहे. तिच्या नवऱ्याची छोटी होडी. ती म्हणाली, मी बघते तुला. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात गेले, डोकं खाली घातलं आणि जीव खाऊन हात मारले. दोनशे हात मोजून डोकं वर काढलं तर समोर किनारा आणि किनाऱ्यावर पोट धरून हसणारी जमना.

"आगो, दर्यात येताना विहीर बरोबर घेऊन आलीस काय?"

विहीर गोल. मी जन्मभर त्यात डाव्या अंगानं चकरा मारलेल्या. अंगाला तेवढंच ठाऊक. सरळ जातेय असं मला वाटत होतं आणि मी बिनभिंतीच्या समुद्रात गोल फिरून परत येत होते. असं आठ दिवस चाललं. मुंबईहून शनिवार-रविवार केळव्याला येणारी मंडळी तर "बाई बुडतेय" म्हणून ओरडायची. एकानं दोर टाकला. मी त्याला चांगल्या चार शिव्या घातल्या.

मग जमनानं मला खूण धरायला शिकवलं. दर वीस हातांनी डोकं वर, सुरूच्या बनातलं उंच झाड बघायचं, तोंड तिकडं करायचं, पुन्हा खाली. एकवीस नाही, वीस. नाताळापर्यंत मी सरळ जायला लागले. अंधारात उठून वाळूत धावत होते, मग सायकल, मग पाळी, मग पाणी. अंगावरचं मीठ सुकून ब्लाउज ताठ व्हायचा.

तिनं आणखी एक गोष्ट शिकवली. "दर्याला टायम नसतो, तीथ असते. तिथीची पाऊणपट कर. तेवढ्या वाजता भरती." शर्यत होती सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी. मी कालनिर्णय पाहिलं. शुद्ध द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे आठला सुटलो तर बरं, उशीर झाला तर पाणी पाय काढून घेणार. आमचा किनारा सपाट. ओहोटी लागली की पाणी शेतभर लांब जातं. मी देवस्थळी साहेबांना जाऊन सांगितलं.

"आठ म्हणजे आठ," ते म्हणाले. "आम्ही घड्याळ पाळतो, बाई. पंचांग नाही."

त्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः उभं राहून केळव्याच्या किनाऱ्याला कमरेएवढ्या पाण्यात लाल झेंड्याचा बांबू रोवून घेतला. मग आम्हा अकरा जणांना टेंपोत घालून माहीमला नेलं. दहा पुरुष आणि मी. त्यांच्या अंगावर चड्ड्या, माझ्या अंगावर मीच शिवलेला निळा टेरिकॉटचा पायघोळ पोशाख. गळ्याला, काखेत खोबरेल चोपडलेलं. आठ वाजले. सव्वाआठ. प्रमुख पाहुण्यांची गाडी आलेली नव्हती आणि त्यांच्या हातूनच शिट्टी वाजायची होती. नऊला वाळूवरची ओल जिथं थांबली तिथं मी रेघ मारून ठेवली. पावणेदहाला पाहुणे आले तेव्हा पाणी रेघेपासून चांगलं मागं गेलं होतं.

शिट्टी झाली. पुरुष धावत सुटले. एकाची टाच माझ्या नाकाला लागली. पाणी इतकं थंड की श्वास छातीतच अडकला. दहा मिनिटांत सगळे पुढं गेले आणि मी एकटी उरले, मागं फक्त जमनाची होडी. वीस हात, डोकं वर, झाड. वीस हात, डोकं वर, झाड. ओहोटीची ओढ बाहेर, झाड सरकायचं, मी पुन्हा तोंड वळवायची. अर्ध्या वाटेवर डाव्या पोटरीत गोळा आला. कळ मस्तकात गेली. तिथं किनाऱ्याकडं वळले असते तर पाय पुरला असता, घटकाभर उभं राहता आलं असतं, आणि होडीतून जमनाशिवाय कुणी पाहिलंही नसतं. मी पाठीवर झाले, पोटरी चोळली, आणि आईमाईवरून समुद्राला जे काही बोलायचं ते बोलून घेतलं.

"होडीत घेऊ काय?" जमना.

"हात लावलास तर बघ."

वाटेत कंपनीच्या बोटीत सात पुरुष बसलेले दिसले. ओहोटीनं बाहेर ओढलेले, दमलेले, टॉवेल पांघरलेले. त्यातला एक हात हलवून म्हणाला, "या वहिनी, चहा आहे." मी डोकं खाली घातलं. तिघं पुढं जाऊन पोचले होते. ते पोचले तेव्हा पाणी अजून झेंड्याशी होतं.

मी पोचले तेव्हा नव्हतं. सुरूचं बन जवळ आलं, लोकांचा आवाज आला, आणि माझ्या बोटांना वाळू लागली. मान वर केली. लाल झेंडा दीडशे पावलं लांब, कोरड्याठाक वाळूत.

मी हातांनी वाळू मागं ढकलत पुढं सरकले. हातांबद्दल नियम काही बोलत नव्हता. पोट घासायला लागलं तेव्हा गुडघ्यांतून पाय वर दुमडले, तळवे आभाळाकडं. अशी मी वीतभर पाण्यात पालथी पडले. लोक हसले. हसणारच, मीही हसले असते.

देवस्थळी साहेब ओल्या वाळूच्या कडेपर्यंत आले, बूट भिजणार नाहीत एवढ्या अंतरावर. मनगटावरचं घड्याळ बघत म्हणाले, "बाई, अकरा मिनिटं आहेत. झेंड्यापर्यंत या."

"चालत आले तर पाय टेकेल."

"मग बाद."

"म्हणून तर येत नाही. झेंडा इकडं आणा."

"झेंडा हलवता येणार नाही. नियम आहे."

"साहेब, पाणी हलवायचं नियमात होतं का? कागदावर सागरी पोहणे लिहिलंय. सागर इथं आहे. मीही इथंच आहे. जागेवर नाही तो तुमचा झेंडा."

ते घड्याळाकडं बघत राहिले. दोन तास उलटेपर्यंत गप्प राहिलं की काम झालं, हे त्यांना कळलं होतं आणि मलाही. पाणी मागं सरकत होतं, मी हातांवर त्याच्या मागोमाग सरकत होते. दात वाजत होते. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला, की थंडीबिंडी काही उरली नाही.

गर्दीतून तात्या आला. शुभ्र धोतर, खांद्यावर पंचा. नोव्हेंबरपासून आम्ही बोललो नव्हतो.

"शाले, ऊठ. गाव बघतंय."

"बघू दे."

"ऊठ म्हणतो ना."

"तुझ्या विहिरीतनं उठले तेवढं पुरे झालं, तात्या."

तो धोतरासकट फतकल मारून माझ्याशेजारी त्या पाण्यात बसला आणि देवस्थळी साहेबांकडं वळला.

"सायेब, ही नाय उठायची. मी येकदा उठवली, तर दर्यात येऊन पडली. आता तुमी उठवून कुठं धाडाल? झेंडा आणा."

मागून जमना होडीतनं ओरडली, "आणा झेंडा!" मग किनाऱ्यावरच्या मांगेलणी, मग आमच्या पॅकिंगच्या पोरी, ज्या लिंबू-चमचा खेळून आल्या होत्या. पाहुण्यांचं जेवण खोळंबलं होतं. तेही म्हणाले, "अहो देवस्थळी, आणा की."

सात मिनिटं उरली होती. देवस्थळी साहेबांनी एक बूट काढला. मग दुसरा. मोजे घडी करून खिशात घातले. पँट दुमडली आणि झेंड्यापाशी गेले. वाळूतून बांबू निघेना, दोन्ही हातांनी हलवून हलवून उपटला. कुणी मदतीला गेलं नाही. झेंडा खांद्यावर घेऊन ते अनवाणी दीडशे पावलं चालत आले, पाण्यात उतरले, आणि माझ्या तोंडापुढं बांबू रोवला. तो सरळ राहीना, म्हणून धरून उभे राहिले.

मी हात लावला.

"एक तास अठ्ठावन्न मिनिटं," ते म्हणाले. "उद्या ऑफिसात नोंद करतो."

"आत्ता करा."

"बाई, कागद भिजेल."

"भिजू दे. करा."

एका हातात बांबू, दुसऱ्या हातात पेन, कागद तात्याच्या पाठीवर ठेवून त्यांनी लिहिलं. मी म्हटलं, दाखवा. त्यांनी वाकून दाखवलं. चौथा क्रमांक, शालिनी विश्राम चुरी, आणि वेळ. नावात ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होतं. दोनदा वाचून पाहिलं.

मग मी पाय टेकले.