तपकिरी रंगाची शहानिशा

आमच्या सासूबाई तपकीर ओढतात हे अख्ख्या लोधिवलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि त्यानं माझ्या जिवाला घोर लागला होता. कारण ह्याच पारूबाईंनी गेल्या वर्षी विहारात सगळ्यांदेखत माझ्या नवऱ्याला, कपिलला, तंबाखू सोडायला लावली होती. बिचाऱ्यानं सोडली, पण तेव्हा घरात कुणाला सुखानं घास गिळू दिला नाही. आता आईचीच डबी त्याच्या हाती लागली असती, तर त्यांच्या शब्दाला घरात काडीची किंमत उरली नसती. डबी तांदळाच्या पिंपात असते आणि भात मी शिजवते, म्हणून मला कळलं. "उज्वले, त्याला सांगू नको गं," एवढंच म्हणाल्या. त्यांचं तोंड एवढंसं झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तर आम्ही घर रंगवायला काढलं. कपिलला पुढची भिंत तपकिरी हवी होती. शिळफाट्याचा ऋषिकेश पेंटर आला, त्यानं एक पट्टा मारला, तर तो चक्क विटेसारखा लाल. कपिल म्हणे हा तपकिरी नाय, ऋषिकेश म्हणे हाच. दोघं इरेला पेटले. आमची मेघा दहावीत आहे, तिला मध्ये तोंड घातल्याशिवाय चैन पडत नाही. राखेसारखा तो राखाडी, तसा तपकिरीसारखा तो तपकिरी, असं तिनं ठणकावून सांगितलं. तपकीर म्हणजे नाकात ओढायची तंबाखूची पूड, एवढंही तिला माहीत होतं. पण ती दिसते कशी, हे कुणालाच सांगता येईना.

सासूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. शेजारच्या म्हशीच्या दुखण्यावरसुद्धा ज्यांचं मत असतं, त्या बाई तोंडातून अक्षर काढेनात. पण वाद वाढत गेला तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली, आणि शेवटी राहवलं नाहीच. लाल नाय रं, म्हणाल्या, पिवळ्याकडं झुकतो, जुनी झाली का काळी पडते. कपिलनं विचारलं, आये, तुला काय ठाव? तर म्हणाल्या, तुझा आजा ओढायचा. सुटले बाई, असं मी मनात म्हटलं.

पण ऋषिकेश म्हणजे हट्टाचा पुतळा. नमुनाच आणतो म्हणाला, गाडीवर टांग टाकली आणि बाजारातून डबी घेऊन आला. झाकण उघडल्यावर कपिलनं आणि त्यानं हौसेनं चिमूट चिमूट ओढली. मेघा नुसतं बघायला वाकली, तरी तिला झोंबलीच. तिघांनी शिंकून शिंकून अंगण डोक्यावर घेतलं. रंग बघायला डबी सासूबाईंकडे आली. त्यांनी चिमूट घेतली, बोटांत चोळली, आणि हात आपोआप नाकाकडे गेला. मी डोळे वटारले, खोकले, भांडं आपटलं, काही उपयोग नाही. डोळे मिटून त्यांनी मस्तपैकी ओढली आणि समाधानानं श्वास सोडला.

कपिलनं नाक पुसलं. "आये, तुला शिंक नाय आली."

लसणानं नाक बंद झालं असेल, असं मी सुरू केलं, पण सासूबाईंनी हातानंच मला थांबवलं.

"मला सोडवत नाय रं," त्या म्हणाल्या. "तू सोडलीस तवा मला तुझा लय अभिमान वाटला. आन हेवाबी वाटला. पोराला जमलं ते मला जमंना."

आता कपिल घर डोक्यावर घेणार, म्हणून मी मेघाला आत पाठवलं. पण त्यानं ऋषिकेशला जरा थांबायला सांगितलं आणि ओट्यावर आईला खेटून बसला. मला भीती वाटत होती, ती कुठल्या कुठे गेली आणि माझेच डोळे भरून आले.

"सुरवातीला लय चिडचिड व्हते, आये," तो म्हणाला. "सगळी माझ्यावर काढ. मी तुझ्यावरच काढली व्हती."