मागच्या दाराने आलेल्या सायकली

मंगळवारी माझं दुकान बंद असतं, असं दारावरची पाटी सांगते. मागचं दार मात्र नुसतं लोटलेलं असतं. गेली नऊ वर्षं गावातले बरेच सभ्य पुरुष मंगळवारी त्या दाराने आत येत आले आहेत, आणि आत येण्याआधी प्रत्येकाने गल्लीत दोन्ही बाजूंना पाहून घेतलं आहे. भलतंसलतं काही समजू नका. माझं वय एकोणसाठ आहे, आणि ते सायकलीसाठी येतात.

पहिला आला फिर्मिन, चौकातला खाटीक. शंभर किलोंचा गडी, पण त्या दिवशी दारातून मांजरासारखा आत शिरला.

"इर्मा, मला एक सायकल बनवून दे," तो म्हणाला. "हँडल जरा वर, टायर जाड, मागचं दातेरी चक्र मोठं, चढावर पाय हलके पडतील असं. पाठीचा पार भुगा झालाय. पण दिसायला शर्यतीचीच दिसली पाहिजे."

"म्हणजे आरामखुर्ची हवी, पण पळणारी दिसायला हवी."

"हळू बोल." दुकानात आम्ही दोघंच होतो. "आमच्या रविवारच्या सायकल-टोळीत ओडिलॉनला कळलं तर मी मेलोच. आठवतं ना वॉल्टरचं काय झालं? उंच हँडलची सायकल घेऊन आला, तर ओडिलॉन सगळ्यांसमोर म्हणाला, पेपर ठेवायला पुढे टेबलही लावून घे. बिचारा पुन्हा रविवारी आलाच नाही. आधी शपथ घे."

मी शपथ घेतली. कामालाही लागले, कारण असलं काम मला आवडतं. फ्रेम माझी मीच जोडते आणि रंगवतेही मीच, वडिलांनी शिकवलं तसं. बसणाऱ्याने वाकायचं कमी करायचं तर हँडलखालची उभी नळी लांब करावी लागते, आणि ती लांब झाली की सायकल लगेच पोक्त दिसायला लागते. मग मी नळीचा वरचा भाग हँडलसारखाच काळा केला आणि खालच्या भागावर तांबडा पट्टा तिरका ओढला. डोळ्याला तो पट्टाच दिसतो, नळी दिसत नाही. जाड टायरवरचे मापाचे आकडे पुसून टाकले. फिर्मिन तिच्यावर बसला तेव्हा त्याचा चेहरा असा सैल झाला, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

मग नोटरी आला. मग शाळेचे निवृत्त हेडमास्तर. मग दोघे सख्खे भाऊ, एकाच महिन्यात, एकमेकांना चोरून. होता होता अकरा झाले. रविवारच्या टोळीत माणसं बारा. अकरा जणांची अकरा गुपितं, आणि गुपित एकच. कुणाला दुसऱ्याचा पत्ता नाही. पाद्रीबाबांकडे हल्ली कुणी कबुली द्यायला जात नाही, माझ्याकडे येतात, याचा मला गर्वच झाला होता म्हणा ना.

बारावा ओडिलॉन. तो कधी मागच्या दाराने आला नाही.

रविवारी सकाळी आठला ते माझ्या खिडकीखालून जातात, दोन-दोनच्या जोडीने. स्खेल्डे नदीवरचं धुकं तेव्हा रस्त्यावर मांडीभर साचलेलं असतं. चाकं दिसत नाहीत, नुसती माणसं तरंगत येतात, रांगेने, काही न बोलता, आणि मग दगडी रस्ता सुरू होतो तिथे एकदम खडखडाट होतो आणि कळतं की ती खरी आहेत. सगळ्यांत पुढे ओडिलॉन. सहासष्ट वर्षांचा, उंच, सडपातळ, पाठ टेबलासारखी आडवी. त्याची सायकल खरोखरीची शर्यतीची, ताठ आणि कडक. रस्त्यातला एक एक दगड ती त्याच्या तळहातांना सांगत जाते. तो कधी मागे वळून बघत नाही. पुढे राहणाऱ्याने बघायचं नसतं, असं तो मानतो.

इतर दिवशी तो मनोऱ्यातला घंटावादक आहे. आमच्या मनोऱ्यात सदतीस घंटा आहेत, आणि त्या दोरीने वाजवत नाहीत. लाकडी दांड्यांच्या दोन रांगा असतात. अर्धवट मुठी करून, करंगळीच्या बाजूने त्या दांड्यांवर मारायचं असतं. शनिवारी बाजार भरला की तो तासभर वाजवतो.

तो तास माझा असतो. मी रंगाचं काम शनिवारीच काढते. खिडकी उघडी ठेवते. खाली कांद्याच्या पाट्या, कोंबड्या, कुणाचं तरी भांडण, आणि वरून ते सगळं सोडून देऊन सूर येतात, हळूहळू, जणू कुणी छपरांवरून चालत येतंय. माझा हात त्यांच्याबरोबर चालतो. घंटा वर चढल्या की ब्रश वर जातो, थांबल्या की थांबतो. गावात फिरणाऱ्या माझ्या सायकलींवर कुठे रेघ वळलेली दिसली, तर तिथे ओडिलॉनचा हात वळलेला असतो. तीस वर्षं हे असं चाललंय. मी त्याला कधी सांगितलेलं नाही. त्याची बायको जाऊन चौदा वर्षं झाली, मी लग्न केलंच नाही, आणि आमच्या दोघांत एका चौकाची रुंदी आहे ती तेवढीच आहे.

गेल्या ऑक्टोबरात एक घंटा गळाली. ओळखीचंच गाणं होतं. वरची बारीक घंटा जिथे उत्तर देते, तिथे काहीच आलं नाही. माझा ब्रश हवेतच राहिला. पुढच्या शनिवारी दोन गळाल्या. बाजारात कुणाच्या लक्षात आलं नाही, कांदे विकणारी बाई ओरडतच होती.

सोमवारी तो कॉफीला आला. कप त्याने तीनच बोटांनी उचलला. शेवटची दोन आत वळून बसली होती, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.

"बोटांना काय झालं?" मी विचारलं.

"थंडी आहे."

"थंडी काय करंगळी शोधत येते?"

तो हसला, पण मग त्याने सांगितलं. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे तळहाताच्या बुडाशी नस दबत होती, हँडलवर सगळा भार आणि वर दगडांचे हादरे. ही सायकल सुटली नाही तर बोटं कायमची जातील. नगरपालिकेनेही विचारणा केली होती. ईस्टरपर्यंत हात सुधारला नाही तर मनोऱ्यात घंटा वाजवणारं यंत्र बसवणार होते.

"मग सोड की," मी म्हणाले. "मी तुला दुसरी बनवते. हात हलका राहील अशी."

"म्हातारपणाची गाडी."

"वेग फारसा कमी होत नाही रे."

"इर्मा, माझ्यामागे अकरा जण असल्याच सायकलींवर येतात. त्याच दगडांवरून. त्यांची बोटं शाबूत आहेत. फिर्मिनकडे बघ, एवढा देह घेऊन तो कुरकुर करत नाही." त्याने कप खाली ठेवला, दुसऱ्या हाताने सावरून. "म्हणजे खोट सायकलीत नाही, माझ्यात आहे. ते चालवतात तोवर मीही चालवणार."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. जिभेवर आलेलं होतं. पण अकरा शपथा होत्या, आणि मी शब्दाची पक्की बाई आहे, असं मी स्वतःला सांगितलं. मी त्याला अजून एक बिस्किट दिलं.

हिवाळाभर मी ऐकत राहिले. घंटा गळत राहिल्या. तो गाणी बदलायला लागला, ज्यांत वरच्या घंटा कमी लागतात अशी. मग तीही लंगडायला लागली. कधीकधी रंग देता देता मला डुलकी लागल्यासारखं व्हायचं आणि त्या न वाजलेल्या घंटा ऐकू यायच्या, सगळ्या, एकामागून एक, आणि जाग आली की ब्रशवरचा रंग वाळलेला असायचा. जानेवारीत एकदा तो गाणं अर्धवट टाकून थांबला. त्या दिवशी मी खिडकी लावून घेतली आणि बराच वेळ रडले.

मार्चमध्ये मोसमाआधी टोळीच्या सगळ्या सायकली माझ्याकडे तेलपाण्याला येतात. यंदाही आल्या. बाराही आकड्यांना टांगल्या होत्या, अकरा माझ्या आणि एक ओडिलॉनची. मी त्याला निरोप धाडला, मंगळवारी सकाळी ये, मागच्या दाराने.

"मागच्या दाराने का?" आल्या आल्या त्याने विचारलं.

"पुढचं बंद असतं म्हणून. बस. मी पाव घेऊन येते."

"पाव कशाला? मी खाऊन आलोय."

"मी नाही खाल्लेलं," म्हणून मी निघाले.

बेकरी समोरच आहे. मी मात्र नदीकाठच्या लांबच्या वाटेने गेले. धुक्यात पॉपलरची झाडं एक एक करून पुढे येत होती आणि मागे जात होती, एक होडी आवाज न करता गेली, आणि मी स्वतःला समजावत होते की मी तर काही बोललेच नाही. चार पाव घ्यायला मला पाऊण तास लागला.

परतले तेव्हा तो सायकलींच्या मधोमध उभा होता. डाव्या हाताचं मधलं बोट वाकवून फिर्मिनच्या सायकलीच्या उभ्या नळीवर टिचकी मारत होता. मग स्वतःच्या. मग पुन्हा फिर्मिनच्या.

"माझी वरच्या सुरात वाजते," तो म्हणाला. "ही खालच्या. हीपण, आणि तीही. अकराच्या अकरा खालच्या सुरात आहेत. नळी लांब असल्याशिवाय असं होत नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं. "म्हणून मग एकेकीवर बसून बघितलं."

मी पाव टेबलावर ठेवले.

"सुरुवात कुणी केली?"

"ते मी सांगणार नाही."

"किती वर्षं झाली?"

"नऊ."

तो स्टुलावर बसला. "आणि तरी माझ्या चाकाला चाक लावून येतात."

"दगडांवर तर तुझ्यापेक्षा जोरात येतील," मी म्हणाले. आता काय लपवायचं उरलं होतं? "तुझी सायकल दगडावर उड्या मारते, त्यांच्या चिकटून चालतात. तिथे ते तुझ्यामागे ब्रेक दाबत येतात."

"ब्रेक दाबत," तो म्हणाला. त्याने स्वतःच्या सायकलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "नऊ वर्षं ही मंडळी मला घाबरत होती?"

"वॉल्टरला टेबल लावायला कुणी सांगितलं होतं?"

"मी." त्याने मान खाली घातली. "मीच सांगितलं होतं. खरंय." मग तो हळू आवाजात म्हणाला, "त्यांचं मी समजू शकतो गं. पण तू ऑक्टोबरात मला कॉफी पाजलीस. हात बघितलास माझा. आणि बिस्किट दिलंस."

अकरा जणांची लाज राखण्यात मी इतकी रमले होते, की एकाची बोटं जाताना नुसती बघत बसले, आणि तो एक म्हणजे मला सगळ्यांत प्रिय माणूस. हे मी त्याला म्हणाले नाही. "चुकले मी," एवढंच म्हणाले.

तो उठून सायकलींच्या रांगेपाशी गेला, एकेकीच्या सीटवरून हात फिरवत परत आला, आणि मला वाटलं आता हा दाराकडे जाणार. पण माझ्या वडिलांची गिऱ्हाइकाचं माप घ्यायची जुनी फळी होती, तिच्यावर तो जाऊन उभा राहिला, बूट काढून.

"कर एक," तो म्हणाला. "रंग आहे तोच ठेव. आणि नळीवर तुझी ती जादू कर."

"आणि त्यांना काय सांगू?"

"त्यांना काय सांगायचंय? मला काही ठाऊकच नाही. फिर्मिन लाजेने मरायचा."

मी हसले, आणि मग तोही हसला. मी फूटपट्टी घेतली. पाय मोजले, पाठ मोजली, खांदे, दंड, कोपरापासून मनगट. जवळून त्याच्या अंगाला मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास येतो, मनोऱ्यातला. सगळं कागदावर लिहिलं. हात शेवटी मोजतात, ब्रेक किती जवळ हवा ते बोटांवरून ठरतं. त्याला खिडकीशी खुर्चीवर बसवलं, उजवा हात टेबलावर घेतला. धुकं विरत होतं आणि मनोऱ्याचं टोक दिसायला लागलं होतं. तो तिकडेच बघत बोलत होता.

"ईस्टरला अजून पाच आठवडे आहेत. भार उतरला की नस मोकळी होईल, नाही का? डॉक्टर कायमचं म्हणाला, पण डॉक्टर काय, काहीही म्हणतात. वरच्या चार घंटा आल्या तरी पुष्कळ. बाकीचं मी सांभाळून घेईन."

"होईल," मी म्हणाले.

मी त्याची करंगळी माझ्या बोटांत घेतली. ती थंड होती. आधी हलकेच दाबली, मग जरा जोरात, मग नख लावून. खिडकीबाहेर बघत तो घंटांविषयी बोलत राहिला. मी ती मुठीत घट्ट धरली.

"हात पण मोजणार होतीस ना?" तो म्हणाला.

"हो."

"मग घे की मोजायला. मला काही घाई नाही."

त्याची करंगळी माझ्या मुठीत होती, आणि मी ती कधी हातात घेते याची तो वाट पाहत होता.