एडनच्या दुकानातली सुरई

विलायत बघून आलो म्हणून लोक मला अजून विचारतात, राजाचा वाडा कसा होता, बर्फ कसा पडतो. वाडा मोठा होता, आणि बर्फ काही पडला नाही कारण उन्हाळा होता. सांगण्यासारखं खरं ते परतीच्या वाटेवर एडन बंदरात घडलं. ते विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, म्हणून मीच सांगतो.

साल एकोणीसशे चोवीस. विलायतेत मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथं बसून बिदरी काम करून दाखवायला बीदरहून मला नेलं. देखरेखीला औरादचे श्रीपतराव कारभारी. चार महिने मी एका कोपऱ्यात मांडी घालून काळ्या भांड्यांत चांदीची तार ठोकत बसलो आणि माणसं अस्वलाचा खेळ बघावा तशी बघून गेली. श्रीपतराव प्रत्येकाला स्वतःचं नाव सांगायचे. माझी ओळख म्हणजे नुसता 'कारागीर'. कुणी वीरण्णा म्हणून हाक मारली असेल तर शपथ.

निघताना आईनं, आमच्या अव्वानं, दोन पिशव्या माती दिली होती. बिदरीचा काळा रंग आमच्या किल्ल्यातल्या मातीनं चढतो. ऊन-पाऊस न लागलेल्या जुन्या खोल्यांतली माती खणायची, जिभेवर ठेवून चव बघायची, बरोबर लागली तर घ्यायची. आमच्या घरात लेकरांना अक्षरांच्या आधी ती चव शिकवतात. मोठी पिशवी कामाला होती. लहानगी पुरचुंडी अव्वानं वेगळी बांधली आणि म्हणाली, "ही परत आणायची, बाळा. सगळं तिकडंच सांडून येऊ नकोस." अव्वा डावखुरी. तिनं मारलेली गाठ उलट्या अंगानं बसते आणि आम्हा कुणाला धड सुटत नाही.

एडन हे मुंबईच्या आधीचं शेवटचं बंदर. बोट कोळसा घेणार होती. सकाळी आठला आम्हाला उतरवलं आणि चार वाजता बोटीकडं नेणारा शेवटचा मचवा सुटेल, असं बजावलं. बीदरची लाल जमीन बघितलेल्या माणसाला ते गाव करपल्यासारखं वाटतं. काळे उघडे डोंगर, औषधाला झाड नाही. बंदराच्या रस्त्यावर मात्र दुकानांची रांग होती. श्रीपतरावांना घरी न्यायला शिंपले हवे होते, म्हणून आम्ही एका कच्छी शेठच्या दुकानात शिरलो.

शिंपल्यांच्या मागे, गालिच्याच्या घडीवर, एक सुरई उभी होती. काळी, चांदीच्या वेलाची. मी ती उचलली आणि फिरवली. गळ्याभोवती पंधरा पानं, चौदा उजवीकडं वळलेली आणि एक डावीकडं. मी पानं पुन्हा मोजली.

ती अप्पांची सुरई होती. तिप्पण्णा, माझे वडील. शेवटच्या दोन वर्षांत त्यांची नजर मंदावली होती. मी बाहेर भट्टीवर ओतकाम करायचो. अप्पा आतल्या खोलीत दार लावून तार ठोकायचे, हाताशी अव्वा असायची. सुरई तयार झाली तेव्हा ते उलटं पान मीच दाखवलं होतं. अप्पांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "राहू दे. हात कुणाचा ते कळंल." सुरई हैदराबादच्या व्यापाऱ्याकडं गेली, अप्पाही गेले.

"शेठजी, ये कहाँ का माल है?"

"दमिश्क का. असली. चार पीढी पुराना."

दमास्कसचं, आणि चार पिढ्या जुनं! अप्पांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"दमिश्कचं न्हाई. बीदरचं हाय. माझ्या अप्पाचं काम हाय हे."

श्रीपतरावांनी माझा दंड धरला. "गप चल. कामून तमाशा करायलास? काळं दिसलं की तुला बीदरचंच वाटायलंय."

चार महिने गिळलेलं सगळं तेव्हा वर आलं. शेठ हसत होता. "नाम लिखा है क्या उसपर?"

"हम लोगां नाम नै लिखते," मी म्हणालो. "पर इसका काला रंग मैं यहीं निकाल देता. फिर चढा के दिखाता. हमारे किल्ले की मिट्टी बगैर ये रंग नै चढता. चढा, तो माल बीदर का."

"और नहीं चढा तो?"

हत्यारांची गुंडाळी मी काखेतून सोडत नसे. ती त्याच्या गादीवर ठेवली. आतल्या छिन्न्या अप्पांच्या. त्या गेल्या असत्या तर मी बीदरला कुठल्या तोंडानं गेलो असतो, कुणास ठाऊक. शेठनं 'मंजूर' म्हणून मान हलवली.

कल्हईवाला कुठल्याही बंदरात सापडतो. शेठचा माणूस त्याच्याकडून नवसागर घेऊन आला. कॉफीची शेगडी पेटलेलीच होती. मी बारीक वाळू आणि चिंध्या घेतल्या आणि सुरई घासायला बसलो. दुपार होईपर्यंत घासली. काळा रंग उतरला आणि सुरई जस्ताच्या लोट्यासारखी पांढुरकी झाली. बिदरीचं भांडं असतंच जस्ताचं, चांदी त्यात हरवली. वेल गेला, पानं गेली, उलटं पानही गेलं. बोटीवरची दहा-बारा माणसं दारात जमली होती, ती कुजबुजायला लागली. श्रीपतराव डोक्याला हात लावून बसले.

मी पुरचुंडी काढली. अव्वाची गाठ बोटांनी सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. मूठभर माती, सहा महिने समुद्राची हवा खाल्लेली. चिमूटभर जिभेवर ठेवली तर नुसतं मीठ लागलं. तोंड पुसलं, चूळ भरली आणि पुन्हा चाखली. खारटपणा माझ्या ओठांवरच्या घामाचा होता. माती तीच होती, माझ्या घरची.

माती आणि नवसागर पाण्यात कालवून उकळलं. सुरई शेकून गरम केली आणि लेप दिला. काही झालं नाही, नुसता राखेसारखा रंग. दारातलं कुणीतरी हसलं. घड्याळात तीन वाजले होते. श्रीपतराव म्हणाले, "आरं, मचवा जाईल." मी पुन्हा शेकली, पुन्हा लेप दिला, आणि या वेळी पुरचुंडी झटकून उरलीसुरली मातीही घातली. मग काळा रंग आला. आधी बुडाशी, मग पोटावर, मग गळ्यापर्यंत. धुऊन तिळाचं तेल चोळलं तसा अमावस्येसारखा काळा झाला, आणि त्यावर चांदीचा वेल लखलखीत उभा राहिला. चांदीला त्या मातीनं डागसुद्धा लावला नाही. पंधरा पानं. एक उलटं.

दारात कुणी हसलं नाही. शेठ गादीवरून उठून उभा राहिला आणि त्यानं छिन्न्यांची गुंडाळी दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. "उस्ताद का नाम?"

"तिप्पण्णा. बीदर." मी एवढ्या मोठ्यानं सांगितलं की रस्त्यावरचे उंटवालेसुद्धा वळून बघायला लागले.

श्रीपतरावांनी खिशातून पेन काढलं आणि जाड कागदावर, आपल्या सुरेख अक्षरात, इंग्रजीत तेच लिहिलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझं नाव बी लिहू का, वीरण्णा?"

"नको. माझं काम न्हाई ते."

शेठ म्हणाला, सुरई घेऊन जा, तुझ्या बापाची आहे. क्षणभर मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण बीदरला गल्लीगल्लीत बिदरी, तिथं तिला कोण विचारणार? इथं प्रत्येक बोटीतली माणसं उतरतात. मी म्हणालो, इथंच ठेव, पण दाराशी, कागदासकट. त्यानं ती दारातल्या काचेत ठेवली. मग आम्ही दोघं धोतरं सावरत धावलो आणि मचव्यात चढलो. मचव्यात श्रीपतराव शेजारच्या माणसाला सांगत होते, "हे वीरण्णा. आमच्या बीदरचे." त्या दिवशी माझी छाती सदऱ्यात मावत नव्हती.

मुंबई, मग आगगाडी, मग बैलगाडी. घरी पोचलो तेव्हा अव्वा भाकऱ्या थापत होती. पाणी दिलं आणि पहिला प्रश्न, "माती आणलास?"

मी रिकामी पुरचुंडी तिच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत ऐकत होती. शेवटी विचारलं, "ते उलटं पान हाय का अजून?"

"हाय."

"अन् नाव कुणाचं सांगितलास?"

"अप्पाचं."

"बरं केलास." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "पण ते पान माझं हाय."

"तुझं?" मी विचारलं.

"शेवटची दोन वर्षं त्यास्नी तार दिसत न्हवती. ते चाचपून सांगायचे, मी ठोकायची. बाईच्या हातचं म्हटलं तर व्यापारी घेतले नसते, म्हणून दार लावायचं. बाकीची पानं त्यांच्या हातासारखी केली. एक माझ्या हातासारखं केलं." आणि पिठानं भरलेला डावा हात तिनं वर करून दाखवला.

हात कुणाचा ते कळंल, असं अप्पा म्हणाले होते. मला कळायला सहा वर्षं आणि एक समुद्र लागला. डोळे भरून आले, आणि मान मात्र ताठ झाली.

"तिथं बोटी किती थांबतात म्हणालास?" अव्वानं विचारलं.

"लई, अव्वा. कोळशाला सगळ्याच थांबतात."

"थांबू देत," ती म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.