सेर्मेत आकोवांचा आवाज

सेर्मेत बेंच्या एका गालावर वस्तरा फिरून झाला होता आणि दुसऱ्यावर अजून फेस होता, तेवढ्यात मशिदीच्या भोंग्यावर सला सुरू झाली. सकाळी अवेळी सला म्हणजे मोहल्ल्यातलं कुणीतरी गेलं. हिक्मेत न्हाव्यानं हात थांबवून टीव्ही बारीक केला. भोंगा नेहमीसारखा खरखरला आणि त्या खरखरीतून एकच नाव स्वच्छ बाहेर पडलं : सेर्मेत आकोवा.

दुकानातली तिन्ही गिऱ्हाइकं त्यांच्याकडे बघू लागली. बघणारच. मेलेला माणूस समोर खुर्चीत बसून चहा पितोय, असं रोज कुठे बघायला मिळतं!

बांग देणाऱ्या मुएझ्झिननं मजकूर पुन्हा वाचला. या खेपेला सगळा कळला. "सेर्मेत आकोवांचा आवाज, राझी दुरुकान, वारले. दुपारच्या नमाजानंतर दफन."

"आवाज?" हिक्मेत चक्रावला. "तुमचा आवाज कसा मरेल, उस्ताद? आत्ता तर तुम्ही बोलत होता."

सेर्मेत बेंनी मान वळवली. कोपऱ्यातल्या टीव्हीवर नेमका त्यांचाच जुना सिनेमा लागला होता. लांब कल्ल्यांचा देखणा पोरगा घाटावर उभा राहून एका मुलीला काहीतरी सांगत होता. ओठ त्यांचे होते, आवाज राझीचा होता, आणि राझी तिकडे मशिदीच्या अंगणात मयताच्या दगडावर झोपला होता. अर्धी दाढी तशीच ठेवून ते उठले.

आता लपवण्यासारखं काय राहिलं म्हणा! पन्नास वर्षांपूर्वी आदानाहून हा पोरगा इस्तंबूलला आला आणि पहिल्याच रेकॉर्डनं घराघरांत पोचला. मग सिनेमावाल्यांनी उचलला. पण बोलायला तोंड उघडलं की आवाज नाकातून यायचा, वर आदानाचा हेल. गातो देवदूतासारखा आणि बोलतो भाजीवाल्यासारखा, असं म्हणून दिग्दर्शकानं कपाळावर हात मारला आणि बोलण्यापुरतं, पडद्यामागून आवाज देणाऱ्या राझीला बोलावलं. त्या काळी सगळेच तसं करायचे, त्यात लाज नव्हती. लाजेची गोष्ट पुढे झाली. एका बातमीदारानं विचारलं, हा भारदस्त आवाज कुणाचा? सेर्मेत म्हणाला, माझाच, दुसऱ्या कुणाचा असणार! राझी शेजारच्याच खुर्चीत बसला होता. तो नुसता हसला.

एकदा खोटं बोलल्यावर ते निभावावं लागलं. रोज न्हाणीघरात कोंडून घेऊन त्यांनी राझीचा आवाज घोटला. आधी तो बाहेर वापरला, मग घरात, मग भांडताना. शेवटी झोपेत बरळतानाही तोच यायला लागला. एकदा आईला फोन केला, तर ती म्हणाली, "हे माझं पोर नव्हे," आणि तिनं फोन ठेवून दिला. हळूहळू गाणंही गेलं. गळ्यात दुसरं कुणीतरी राहायला आलं होतं, त्याला गाता येत नव्हतं. उतारवयात ते याच मोहल्ल्यात भाड्यानं राहायला आले, तर राझीचं घर तीन गल्ल्या खाली निघालं. अकरा वर्षं ते त्या गल्लीत फिरकले नाहीत. उद्या जाऊ, माफी मागू, असं रोज म्हणायचे.

दुपारी नमाजानंतर मशिदीच्या अंगणात इमामनं रिवाजाप्रमाणे विचारलं, मयतावर तुमचा काही हक्क असेल तर तो हेलाल करता का? सोडून देता का? हेलाल असो, असं सगळे तीनदा म्हणाले. सेर्मेत बेंची जीभच उचलली नाही. सोडून द्यायला यांच्याजवळ काय होतं? मागायचं यांनीच होतं, आणि देणारा पांढऱ्या कापडात होता.

दफन झाल्यावर ते राझीच्या घरी गेले. बायका स्वयंपाकघरात मयताचा हलवा भाजत होत्या. राझीच्या बायकोनं, मुअल्ला हानिमनं, त्यांना ओळखलं आणि आतल्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं.

"सलेची चिठ्ठी मीच लिहून दिली," ती म्हणाली. "राग आला असेल तर येऊ दे."

"नाही वहिनी. मी तर हेलाल मागायला आलोय."

"आधी माझं काम करा." ती पलंगावर टेकली. राझी दिवसभर दुसऱ्यांसाठी बोलायचा आणि घरी येऊन गप्प बसायचा, हे तिनं सांगितलं. नवऱ्याचं बोलणं ऐकायला ती तिकीट काढून यांच्या सिनेमांना जायची. आठ महिन्यांपूर्वी झटका आला आणि त्याची वाचाच गेली. शेवटच्या दिवशी त्यानं तिचा हात धरून ओठ हलवले, शब्द काही फुटला नाही. "त्यानं हेलाल मागितल्याशिवाय मी कशी देऊ? तुम्ही मागा, त्याच्या आवाजात. माझ्या मागे उभे राहा. आज मला तुमचं तोंड नको."

तिनं खिडकीकडे तोंड केलं. सेर्मेत बे तिच्या पाठीशी उभे राहिले.

"मुअल्ला, हेलाल कर," ते म्हणाले. एवढंच म्हणायचं होतं. पण गळा थांबेना. "तुला इझमीरला बहिणीकडे नेतो म्हणालो, नेलं नाही. तिचं पत्र लपवलं. तेही हेलाल कर."

कुठली बहीण, कुठलं पत्र, सेर्मेत बेंना काहीच ठाऊक नव्हतं.

मुअल्ला हानिमचे खांदे हलत होते. मग ती म्हणाली, "हेलाल असो, राझी."

आता आपली पाळी. सेर्मेत बेंनी घसा खाकरला. तो नाकातला बारीक आवाज, आई ओळखायची तो, त्यांनी जिवाच्या आकांतानं आत शोधला.

"आता मलाही हेलाल करा, वहिनी. मी सेर्मेत बोलतोय."

खोलीत राझीचाच आवाज घुमला.

ती वळली नाही. "केलं म्हटलं ना, राझी," ती मायेनं म्हणाली. "आता झोप."

ते दार उघडून बाहेर आले. स्वयंपाकघरातल्या एका म्हातारीनं हलव्याची बशी त्यांच्या हातात ठेवली आणि विचारलं, मयताचे तुम्ही कोण? सेर्मेत बेंनी ओठ घट्ट मिटले, मान लववली आणि बशी घेऊन ते पायऱ्या उतरू लागले.